घाट आणि ठग

जबलपूर शहराच्या दक्षिणेस नर्मदेच्या काठी ग्वारीघाट आहे. पायऱ्यांवर स्नानाला आलेली माणसे, फुलांचे द्रोण विकणाऱ्या बायका, पैलतीरावरच्या गुरुद्वाराकडे भाविकांना नेणाऱ्या नावा, पात्रातच उभे असलेले नर्मदामाईचे छोटेसे मंदिर आणि दिवेलागणीला होणारी आरती, असे या घाटाचे नित्याचे रूप आहे. नर्मदेची परिक्रमा करणारा महाराष्ट्रातला यात्रेकरू येथे येतो, तेव्हा त्याला परक्या मुलखात आल्यासारखे वाटत नाही. भाषा हिंदी असली तरी कानांवर पडणारे निम्मे शब्द त्याच्या ओळखीचेच असतात. त्यांतले दोन शब्द असे आहेत की, ते या देशातून निघून इंग्रजी भाषेत जाऊन बसले, तेथे त्यांनी नवे अर्थ धारण केले आणि ते नवे अर्थ घेऊन ते पुन्हा आपल्याकडे परत आले. एक शब्द या स्थळाच्या नावातच आहे, तो म्हणजे घाट. दुसरा शब्द द्रोणाची किंमत जास्त पडली म्हणून कुरकुरणाऱ्या एखाद्या म्हातारीच्या तोंडून सहज निघतो. तो शब्द ठग.

पहिल्याची कथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे. संस्कृतात 'घट्ट' म्हणजे पाण्यात उतरण्याची बांधलेली जागा. नर्मदेच्या काठी राहणाऱ्यांनी हा अर्थ जसाच्या तसा जपला. मराठी माणसाने नदीचा घाट तर ठेवलाच, परंतु डोंगर उतरण्याच्या वाटेलाही तोच शब्द लावला. बोरघाट, थळघाट, कुंभार्ली घाट या सर्व वाटा आहेत, डोंगर नव्हेत. डोंगराचे नाव सह्याद्री. पश्चिम किनाऱ्यावर उतरलेल्या युरोपियनांनी मात्र 'घाटावर जायचे', 'घाटावरून माल आला' अशी वाक्ये ऐकली आणि समोर दिसणारी ती सबंध भिंत म्हणजेच घाट, असा समज करून घेतला. वाटेचे नाव पर्वताला मिळाले. पुढे नकाशे तयार करणाऱ्यांनी पूर्व किनाऱ्यालगतच्या डोंगरांनाही तेच नाव दिले. आज 'पश्चिम घाट' हे नाव मराठी पाठ्यपुस्तकांत आहे, सरकारी कागदांत आहे आणि २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही ते याच नावाने नोंदले गेले. ऐकणाऱ्याची चूक ही बोलणाऱ्याच्या भाषेत अधिकृत नाव होऊन परत आली. या चुकीने कोणाचे काही बिघडले नाही. दुसऱ्या शब्दाचे तसे नाही.

ठग हा शब्द मुळात फार भयंकर नाही. हिंदीत जो फसवतो तो ठग. दुकानदाराने माप मारले, पुजाऱ्याने दक्षिणा वाढवून घेतली, की 'ठग लिया' असे म्हणतात. एखादे सुंदर दृश्य पाहून माणूस भान हरपून उभा राहिला, तर त्यालाही 'ठगा-सा रह गया' असे म्हणतात, म्हणजे सौंदर्यानेही माणूस ठगला जातो. उत्तरेकडील संतांनी मायेला ठगणारी म्हटले, तेही याच अर्थाने. मराठीत हाच शब्द 'ठक' असा झाला. ठकवणे, ठकबाजी, ठकसेन ही सर्व त्याचीच प्रजा. 'ठकास महाठक' ही म्हण तर लहान मुलांच्या गोष्टींतूनही भेटते, आणि त्या गोष्टीतला महाठक वाचकाच्या कौतुकाचा विषय असतो. लबाडी, चातुर्य, डोळ्यांत धूळ फेकण्याचे कसब, एवढाच या शब्दाचा घरगुती पसारा आहे. त्यात रक्ताचा डाग नाही.

या शब्दाच्या मुळाकडे जाऊ लागले की वाट संस्कृतातील 'स्थग्' या धातूकडे जाते. स्थग् म्हणजे झाकणे, लपवणे. जो आपला हेतू झाकून ठेवतो तो 'स्थग', म्हणजे धूर्त, कपटी. शब्दाच्या आरंभी आलेल्या संस्कृत 'स्थ'चा प्राकृतात 'थ' किंवा 'ठ' होतो, हे मराठी भाषकास नव्याने सांगावयास नको. 'स्थान' या शब्दापासून ठाणे झाले, स्थापन करण्यापासून ठेवणे झाले, त्याच वाटेने स्थगाचा ठग झाला. या धातूचे आणखी एक अपत्य आपल्या रोजच्या वापरात आहे, परंतु त्याचे नाते कोणाच्या ध्यानात येत नाही. ते म्हणजे 'स्थगित'. संस्कृतात स्थगित म्हणजे झाकलेले, बंद केलेले. आज सभा स्थगित होते, आदेशाला स्थगिती मिळते. कचेरीतल्या फायलीवर सन्मानाने बसलेला हा शब्द आणि बाजारात शिवी म्हणून वापरला जाणारा ठग हे एकाच कुळातील आहेत.

हे कूळ भारतापुरते मर्यादित नाही. संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि जर्मानिक भाषा यांची मूळ भाषा एक होती, आणि तिच्यात 'झाकणे' या अर्थाचा 'स्तेग' किंवा 'तेग' असा धातू होता, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. ग्रीकमध्ये त्यापासून 'स्तेगे' म्हणजे छप्पर हा शब्द झाला. ज्या प्राचीन सरड्याच्या पाठीवरची हाडांची पाने अभ्यासकांना कौलांसारखी वाटली, त्याला १८७७ साली 'स्टेगोसॉरस' हे नाव मिळाले, ते याच शब्दावरून. लॅटिनमध्ये 'तेगेरे' म्हणजे झाकणे. रोमन नागरिक अंगभर पांघरीत तो 'टोगा' यातलाच, आणि घर झाकणारे कौल म्हणजे 'तेगुला', ज्यापासून इंग्रजी 'टाइल' आला. जर्मानिक भाषांत आरंभीच्या 'त'चा 'थ' झाला, म्हणून इंग्रजीत गवताने शाकारलेल्या छपराला 'थॅच' म्हणतात. जहाजाचा 'डेक' हाही डच भाषेतून आलेला याच घरचा शब्द. पुढे लॅटिन क्रियापदाला उपसर्ग लागून दोन शब्द तयार झाले. समोरून झाकणे म्हणजे रक्षण करणे, त्यापासून 'प्रोटेक्ट' झाला. झाकण काढणे, उघडे पाडणे, त्यापासून 'डिटेक्ट' आणि त्याच्या मागोमाग 'डिटेक्टिव्ह' झाला. संस्कृत धातूतील 'थ' या कुळाच्या ध्वनिनियमात पुरता बसत नाही, म्हणून काही कोशकार या शेवटच्या दुव्यापूर्वी 'बहुधा' हे पद घालतात, आणि ते योग्यच आहे. पण हे नाते खरे असेल, तर इंग्रजी भाषेत ठग आणि त्याला शोधून काढणारा डिटेक्टिव्ह हे दोघे भाऊबंद ठरतात. एक झाकणारा, दुसरा झाकण उचलणारा.

रस्त्यावर प्रवाशांना गाठून लुटणाऱ्या टोळ्यांशी या शब्दाचा संबंध फार जुना आहे. झियाउद्दीन बरनी या इतिहासकाराने चौदाव्या शतकात लिहिलेल्या ग्रंथात, सुलतान जलालुद्दीन खिलजीच्या काळी, म्हणजे १२९० नंतरच्या काही वर्षांत, दिल्लीत सुमारे एक हजार ठग पकडले गेल्याची हकीकत आहे. सुलतानाने त्यांना ठार न करता नावांत घालून बंगालकडे लखनौतीस रवाना केले, असे तो सांगतो. सतराव्या शतकात आलेल्या तेवनो या फ्रेंच प्रवाशाने दिल्ली आणि आग्रा यांच्यामधील रस्त्यावर गळ्यात फास टाकून मारणाऱ्या लुटारूंचे वर्णन केले आहे. दक्षिणेत अशा लोकांना ठग न म्हणता 'फाशीगर' म्हणत. मद्रासच्या शेरवुड नावाच्या डॉक्टराने १८१६ साली त्यांच्यावर लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातही फाशीगर हाच शब्द आहे. 'पाश' या संस्कृत शब्दाशी नाते सांगणारा हा शब्द कृत्याचे नेमके नाव सांगतो. त्यामानाने ठग हा शब्द सौम्य, संदिग्ध आणि सर्वत्र परिचित. पुढे जगभर गेला तो मात्र हाच, आणि त्याला कारण जबलपूर.

सागर आणि जबलपूर हा प्रदेश मराठ्यांच्या अमलाखाली होता. जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे होते. १८१७ सालच्या युद्धानंतर तो मुलूख कंपनीकडे गेला आणि 'सागर व नर्मदा प्रांत' या नावाने तिचा कारभार सुरू झाला. मिर्झापूरहून जबलपूरमार्गे नागपूरकडे उतरणारा रस्ता याच मुलखातून जाई, आणि नर्मदा ओलांडल्यावाचून उत्तरेतून दक्षिणेत येता येत नसे. यात्रेकरू, व्यापारी, रजेवर घरी निघालेले शिपाई, खजिन्याचे वाहक अशा सर्वांना नदीचे उतार आणि त्यांलगतच्या आमराया येथे थांबावे लागे. अनोळखी सोबती गोड बोलून त्यांच्याबरोबर चालू लागत, काही मुक्काम एकत्र होत, आणि एखाद्या निर्जन स्थळी रुमालाने गळा आवळून त्यांचा शेवट केला जाई. प्रेते आधीच खणलेल्या खड्ड्यांत पुरली जात. घरची माणसे वर्षानुवर्षे वाट पाहत, कारण प्रवासाला गेलेला माणूस महिनोन्‌महिने परतत नसे, आणि तो मेला की हरवला हे सांगणारे कोणी नसे. हे खून काल्पनिक नव्हते. पुढे माफीच्या साक्षीदारांनी दाखविलेल्या जागा खणल्या, तेव्हा सांगाडे निघाले.

हे खटले ज्याच्या नावाशी जोडले गेले, तो अधिकारी विल्यम हेन्री स्लीमन. नरसिंहपूर आणि जबलपूर येथे त्याने काम केले. १८३५ साली ठगांच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या कामाचा तो प्रमुख झाला. जबलपूर आणि कटनी यांच्या वाटेवरील स्लीमनाबाद हे गाव आजही त्याचे नाव धरून आहे. १८३६ साली कलकत्त्यात त्याचे 'रामासीयाना' हे पुस्तक निघाले. त्यात एक शब्दकोश आहे, ही गोष्ट या विषयात विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ठगांची 'रामासी' नावाची गुप्त भाषा असून तिचे शब्द कळले म्हणजे ठगांचे गुपित कळले, अशी स्लीमनची धारणा होती. त्यातील 'बनिज' हा एकच शब्द पाहावा. बनिज म्हणजे व्यापार, व्यापाराचा माल. ठगांच्या तोंडी तो हेरलेल्या प्रवाशाचे नाव होता. ज्याचा गळा आवळायचा त्या माणसाला माल म्हणायचे, म्हणजे खुनाला धंदा म्हणता येते. स्थग् धातूचा झाकण्याचा अर्थ येथे सर्वांत उघडपणे दिसतो. शब्द कृत्यावर पांघरूण घालतो.

पण पांघरूण घालणारे केवळ ठगच होते असे नाही. त्याच १८३६ साली कंपनी सरकारने त्या वर्षाचा तिसावा कायदा केला. ठगांच्या टोळीत केव्हाही, कायदा होण्यापूर्वी किंवा नंतर, कंपनीच्या हद्दीत किंवा हद्दीबाहेर, जो सामील होता असे सिद्ध होईल, त्याला सक्तमजुरीसह जन्मठेप, अशी त्यातील तरतूद होती. अमुक दिवशी अमुक माणसाला मारले असे दाखविण्याची गरज उरली नाही. आणि 'ठग' म्हणजे कोण, हे त्या कायद्यात कोठेही सांगितलेले नव्हते. ज्या शब्दाचा अर्थ बाजारात फसव्या दुकानदारापासून गळा आवळणाऱ्यापर्यंत पसरलेला होता, तो शब्द व्याख्येशिवाय कायद्यात आला. मग तो कोणाला लागू होतो, हे मुख्यतः माफीच्या साक्षीदारांच्या तोंडावर अवलंबून राहिले. पुरावा मिळविणे कठीण होते, गुन्हे भयानक होते आणि साक्षीदार जिवंत उरत नव्हते, ही सरकारची अडचण खोटी नव्हती. परंतु कृत्याऐवजी माणसाच्या नावावर शिक्षा देण्याचा पायंडा येथे पडला, हेही तितकेच खरे आहे. जबलपुरात या साक्षीदारांसाठी एक उद्योगशाळा काढण्यात आली. तेथे गालिचे आणि तंबू तयार होत. त्या शाळेत साक्षीदारांबरोबर त्यांची मुलेही होती. ज्या मुलांनी कोणाच्या अंगाला हात लावलेला नव्हता, त्यांनाही बापाचे नाव लागले.

इकडे शब्द समुद्रापार गेला. मेडोज टेलर हा निजामाच्या चाकरीतील अधिकारी, जो पुढे १८५३ पासून काही वर्षे नळदुर्गास कारभार पाहत होता, त्याने १८३९ साली ठगाच्या कबुलीजबाबाच्या रूपात एक कादंबरी लिहिली. तिचा नायक अमीर अली विलायतेत घरोघर पोचला. त्याच वर्षी टॉमस कार्लाइल या निबंधकाराने इंग्लंडमधील कामगारांच्या चळवळीविषयी पुस्तक लिहिताना ग्लासगोच्या दंगेखोर कामगारांसाठी हा शब्द वापरला. म्हणजे कायदा होऊन तीन वर्षे लोटतात तोच नर्मदेकाठचा शब्द स्कॉटलंडमधील गिरणी कामगारांना चिकटला. वाटेत त्याचा उच्चारही बदलला. इंग्रजाच्या तोंडाला 'ठ' नाही. त्याने लिहिताना 'टी' आणि 'एच' ही अक्षरे जोडली, आणि ज्यांनी तो शब्द कानांनी ऐकलेलाच नव्हता त्यांनी अक्षरांवरून तो 'थग' असा वाचला. उच्चारापेक्षा अर्थातला पालट मोठा आहे. भारतीय ठगाचे सारे बळ जिभेत असते, तो हात उगारत नाही. इंग्रजी ठग बोलत नाही, मारतो. मूळ शब्दातील झाकण्याचा, फसवण्याचा अंश गळून पडला आणि केवळ हिंसा उरली.

पुढे हा शब्द अमेरिकेत गेला आणि रस्त्यावरच्या गुंडाचे साधे नाव झाला. २०१५ साली बाल्टिमोर शहरात पोलिसांच्या ताब्यात जखमी झालेल्या एका कृष्णवर्णीय तरुणाच्या मृत्यूनंतर दंगल उसळली, तेव्हा राष्ट्राध्यक्षांपासून शहराच्या महापौरांपर्यंत अनेकांनी दंगेखोरांना याच शब्दाने संबोधले. त्यावर मोठा वाद झाला. हा शब्द कृत्याविषयी बोलत नाही, रंगाविषयी बोलतो, असा आक्षेप घेणाऱ्यांचा मुद्दा होता. जबलपूरच्या शाळेतील मुलांपासून बाल्टिमोरच्या रस्त्यापर्यंत या शब्दाची एक खोड कायम राहिली आहे. तो माणसाने काय केले हे विचारण्याआधी माणूस कोण आहे हे ठरवून टाकतो.

तो परत आला तोही याच खोडीसह. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने कलम ३१० मध्ये ठगाची व्याख्या अखेर केली. खून करून लूट करण्यासाठी किंवा मुले पळविण्यासाठी जो नेहमी इतरांच्या संगतीत असतो तो ठग, असे ते कलम सांगत होते. व्याख्या झाली, ही सुधारणा होती. पण १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि ज्या कल्पनेला ठगांच्या खटल्यांनी बळ दिले होते, तिला स्वतःचा कायदा मिळाला. गुन्हा हा काही जातींचा वंशपरंपरागत धंदा आहे, ही ती कल्पना. जन्मलेल्या मुलाचे नाव पोलिसांच्या नोंदवहीत जाऊ लागले. गाव सोडायचे तर परवाना, रात्री हजेरी, असे जिणे लक्षावधी माणसांच्या वाट्याला आले. हा कायदा १९५२ साली रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या.

येथे मराठी माणसाने इंग्रजाला नावे ठेवून मोकळे होणे बरे नव्हे. 'भामटा' हा शब्द आपण फसव्या माणसासाठी सहज वापरतो, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतही तो रोज दिसतो. पण भामटा हे महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीतील एका जातीचेही नाव आहे. त्या जातीतील शाळकरी मुलाला दाखल्यावर जो शब्द लिहून मिळतो, तोच शब्द वर्गात शिवी म्हणून ऐकावा लागतो. कायदा रद्द करायला एक दिवस पुरतो, शब्दातून कायदा काढून टाकायला पिढ्या लागतात.

इतिहासकारांनीही अलीकडच्या काळात या शब्दाचे झाकण उचलून पाहिले आहे. १९६९ साली स्ट्यूअर्ट गॉर्डन यांनी आणि २००७ साली किम वॅगनर यांनी ठगांविषयीच्या कागदपत्रांची नव्याने चिकित्सा केली. देशभर पसरलेला, कालीला नरबळी देणारा एकच गुप्त पंथ, हे जे चित्र कादंबऱ्यांनी आणि मागाहून चित्रपटांनी रंगविले, ते या अभ्यासापुढे टिकत नाही. दिसतात ते लुटारूंचे वेगवेगळे गट. कोणी नोकरी सुटलेले शिपाई, कोणी जमीनदाराच्या आश्रयाने राहणारे, पेरणी-कापणीच्या वेळी शेत करणारे आणि मोकळ्या दिवसांत वाटमारी करणारे. लुटीतला वाटा जमीनदारालाही जाई. त्यांनी माणसे मारली, हे खरे. तो त्यांचा जन्मजात स्वभाव होता, हे मात्र खरे नव्हे. हिंदू आणि मुसलमान, अनेक जातींचे लोक त्यांत होते, याची नोंद त्या काळच्या कागदांतच आहे.

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अमलात आली आणि तिने दंडसंहितेची जागा घेतली. तिच्यात ठगाचे कलम नाही. खून, दरोडा, लूट यांची कलमे आहेत, म्हणजे कृत्यांची नावे आहेत. १८३६ साली व्याख्येशिवाय कायद्यात शिरलेला शब्द एकशे अठ्ठ्याऐंशी वर्षांनी गाजावाजा न होता कायद्यातून बाहेर पडला.

आता तो पुन्हा जेथून निघाला तेथे, बाजारात आणि घाटावर आहे. ग्वारीघाटावर आजही द्रोणाची किंमत ऐकून एखादी म्हातारी 'ठग रही हो' असे म्हणेल, विकणारी हसेल, एखादे फूल जास्त घालील, आणि व्यवहार पुरा होईल. त्या घटकेला हा शब्द आपल्या जुन्या घरगुती अर्थाने बोलला जातो. कोणी काय केले एवढेच तो सांगतो, कोण कोणाच्या पोटी जन्मला हे सांगत नाही. शब्दांचे मूळ शोधण्याचा खरा उपयोग कदाचित एवढाच असावा, की कोणाला एखादे नाव देण्यापूर्वी त्या नावाखाली काय झाकले गेले आहे, हे एकदा उघडून पाहावे.